चाळीस सेकंद आधी

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा कायद्यावर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला केवढा आनंद झाला! वकील नेमकं काय बोलले ते स्वतःच्या कानांनी ऐकता येणार होतं. पण एकेक व्हिडिओ काही तासांचा. वाचक त्यात कुठे शोधत बसणार? म्हणून मी लेखाखाली थेट त्या क्षणाची लिंक देऊ लागले.

सुरुवातीला हिशेब चुकले. यूट्यूबच्या लिंकमध्ये ‘टी’पुढे वेळ सेकंदांत लिहितात. १२ मिनिटं ३४ सेकंदांसाठी मी १२३४ लिहिलं आणि वाचक २० मिनिटं ३४ सेकंदांवर जाऊन पोहोचले. हवे होते ७५४. संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की त्या क्षणाची लिंक आयती मिळते, हे कळलं आणि तो ताप संपला.

पुढची चूक मात्र गंभीर होती. एका ज्येष्ठ वकिलांच्या विधानावर मी सडकून टीका केली आणि पुरावा म्हणून लिंक दिली, त्या वाक्याच्या अगदी पहिल्या शब्दापासूनची. लेख आल्यावर एका निवृत्त वकिलांचा फोन आला. “ताई, जरा चाळीस सेकंद आधीपासून ऐका.”

ऐकलं. ते ज्येष्ठ वकील समोरच्या पक्षाचा युक्तिवाद वाचून दाखवत होते, खोडून काढण्यासाठी! व्हिडिओखालच्या लिखित संवादात शब्द शोधून मी थेट त्या ओळीवर उडी मारली होती. मागचं ऐकलंच नव्हतं. लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला तेच अर्धवट ऐकू येत होतं, आणि पुरावा समोर आहे म्हटल्यावर मागे जाऊन कोण तपासणार?

त्या ज्येष्ठ वकिलांना मी माफीचं पत्र लिहिलं, पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेला लेख मात्र परत आणता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता त्या मुद्द्याला जिथे तोंड फुटतं तिथूनच लिंक देते, वाचकाला मिनिटभर थांबावं लागलं तरी. शिवाय खटल्याचं नाव, सुनावणीची तारीख आणि बोलणाऱ्याची बाजू लेखातच लिहिते. व्हिडिओचा सुरुवातीचा भाग नंतर कापला, तर पत्ता तोच राहतो आणि सेकंद सरकतात. तेव्हा एवढ्यावरून तरी ती जागा सापडते.