चाकाची जागा

गिऱ्हाईक आधी मोबाईलवर फोटो दाखवतं. कुठल्यातरी वाळवंटातली पिकअप, चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली. “असंच बसवायचं बघा, मिस्त्री.” मोठ्या चाकांवरची पिकअप देखणी दिसते, मलाही ती आवडते. पण उभ्या गाडीला जवळपास कुठलंही चाक बसतं. खड्ड्यात, वळणावर, हौदा भरलेला असताना ते बसतं का, हे मला बघायचं असतं.

इसुझू व्ही-क्रॉस २०१६ साली आपल्याकडे आली ती २४५/७० आर १६ टायरवर. रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची. हिशेब केला की चाकाची उंची साधारण ७४९ मिलिमीटर निघते. त्या जागी २६५/७० घातला तर ७७७. वाढ २८ मिलिमीटरची, पण गाडीचं पोट उचललं जातं त्याच्या निम्मंच, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. १४ मिलिमीटर म्हणजे करंगळीची जाडी. हे सांगितल्यावर काहीजण विचारात पडतात आणि मला ते बरं वाटतं.

घेर वाढला की बाकीचंही सरकतं. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने पळत असते. लोड घेऊन करूळ घाट चढताना जिथे दुसरा गिअर ओढायचा, तिथे तो दमतो. ब्रेकची पकड तीच राहते, पण चाक उंच झाल्यानं जमिनीपाशी तिचा जोर तेवढाच उणा होतो. त्यात टायरचं वजनही वाढलेलं असतं.

आणि मोठी रिम व मोठा टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच गाडीच्या नंतर आलेल्या वरच्या मॉडेलला कंपनीनं १८ इंची रिम दिली, २५५/६० टायरसह. पूर्ण उंची ७६३. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढली, पण टायरची भिंत १७१ वरून १५३ मिलिमीटरवर आली. डांबरी रस्त्यावर ती गाडी छान धावते. ज्याचं रान जांभ्या दगडाच्या वाटेवर आहे, त्याला मी १६ इंचीच ठेवायला सांगतो. तिथे दगडाचा मार रिमनं नव्हे, रबरानं खायचा असतो.

खरं काम पुढच्या चाकांत आहे. ती डावी-उजवी वळतात आणि वर-खालीही होतात, आणि घासतात ती दोन्ही एकदम झाल्यावर. म्हणून टायरच्या खांद्याला ओला खडू फासायचा, एका बाजूचं चाक रॅम्पवर चढवून स्प्रिंग दाबायची, मग स्टीअरिंग पार शेवटापर्यंत फिरवायचं, आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. गाडी रिव्हर्सही घ्यायची, कारण मागे जाताना टायर वेगळ्याच कोपऱ्याला लागतो. जिथे पांढरं उमटलं तिथे जागा नाही. प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर थोडं सरकवता येतं. आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर खडू दिसला, तर मी तो टायर बसवत नाही.

मग ऑफसेटचा मोह होतो. रिमची हबला टेकणारी बाजू आत घेतली की चाक बाहेर येतं आणि आर्म मोकळा होतो. पण बाहेर आलेलं चाक वळताना मोठा फेरा घेतं, मडगार्डच्या मागच्या कडेला लागतं, बेअरिंगवर ताण वाढवतं आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टीअरिंगपर्यंत पोचवतं. चाक बाहेर काढायला हब आणि रिमच्या मध्ये घालतात तो स्पेसर तर मी हातातही धरत नाही.

नटांकडे तर कुणी बघतच नाही. काही अलॉयना सपाट वॉशरचे नट लागतात, काहींना शंकूच्या तोंडाचे. चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो नुसत्या कडेवर. तो सैल होणारच. नट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

कायद्याचंही आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे कंपनीच्या मापाबाहेर जायचं असेल तर आधी आरटीओत विचारून या. एक माप वर, यापुढे मी स्वतःच जात नाही.

शेवटी वाद होतो तो स्टेपनीवर. चार टायरांनीच खिसा रिकामा झालेला असतो, मग जुनी स्टेपनी राहू द्या म्हणतात. पण या गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा आस एकत्र बांधले जातात, मध्ये फरक गिळणारं डिफरन्शियल नसतं. एक चाक २८ मिलिमीटरनं बुटकं असेल तर कोरड्या, कठीण रस्त्यावर तो फरक शाफ्टला आणि गिअरना पीळ घालत राहतो. म्हणून टायर पाच घ्यायचे. पाचवा हौद्याखाली मावतो का, हे ऑर्डर देण्याआधीच मी खाली आडवा होऊन मोजलेलं असतं.