पट्टीत उरलेल्या गोळ्या



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत दोन याद्या होतात. एक नियमांची: कोण एकासन करणार, कोणी कोणता रस सोडला. दुसरी औषधांची. पहिली सगळ्यांना तोंडपाठ असते, दुसरी डॉक्टरांच्या फाइलमध्ये पडून राहते. या दोन्ही याद्या एकत्र वाचणारं माणूस मिळालं तर काय होतं, ते आज लिहिते.

माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मधुमेह जुना. त्याहून जुना त्यांचा नियम: सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग, पाणीसुद्धा नाही. गोळ्यांचा डबा त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. मागच्या वर्षी त्यांची साखर काही केल्या उतरेना. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दोनदा नेलं. लॅबवाल्यानं आकडा दिला, डॉक्टरांनी आकडा बघून गोळी वाढवली, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीप्रमाणे पुडी बांधली. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. आकडा मात्र हलला नाही.

उलगडा झाला तो आमच्या आशाताईंमुळे. त्या घरोघरी फिरून तिशीपुढच्या माणसांचे बीपी-शुगरचे फॉर्म भरतात. सासूबाईंची पट्टी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काकू, महिना होत आला, मग निम्म्या गोळ्या उरल्या कशा?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रात्रीची मी घेतच नाही. रात्री पाणी चालत नाही, गोळी कशी घेऊ?"

चिठ्ठीवर 1-0-1 लिहिलं होतं. शेवटच्या 1 चा अर्थ डॉक्टरांच्या लेखी रात्रीचं जेवण. आमच्या घरात त्या वेळी चूल विझून तीन तास झालेले असतात. हे त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

आशाताईंनी "औषधाला कसला आलाय नियम" असं म्हणून विषय संपवला नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना सांगितलं. मॅडमनी साखर तपासून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं, की वाढवलेला डोस सगळ्या गोळ्या पोटात जातात असं धरून दिलाय. उद्या सासूबाईंनी खरोखरच सगळ्या घेतल्या, तर साखर एकदम खाली जायची. त्यांनी डोस कमी केला आणि संध्याकाळची गोळी साडेपाचच्या जेवणासोबत ठरवली. मेडिकलवाल्या दादांनी पाकिटावर उगवता आणि मावळतीला टेकलेला असे दोन सूर्य काढून दिले.

एक अवघड प्रश्न उरला, तो सिस्टरनी विचारला. "रात्री घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर तोंडात घालावी लागेल. घ्याल ना?" सासूबाई गप्प. दोन दिवस गप्प. मग महाराजांच्या दर्शनाला गेल्या आणि तिथंच विचारलं. नियमात आजारपणाची सूट ठेवावी, असं महाराजांनी सांगितलं. तेव्हापासून उशाशी खडीसाखरेची डबी असते. अजून उघडायची वेळ आलेली नाही. साखर हळूहळू आवाक्यात आली.

आता मोजा: आशाताई, मॅडम, डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाले दादा. शिक्षण वेगळं, पगार वेगळा, मान तर फारच वेगळा. पण त्या दिवशी सगळ्यात कामाची गोष्ट होती ती सगळ्यात कमी मान असलेल्या बाईकडे. तिचं म्हणणं वरपर्यंत पोचलं, आणि वरच्यांनी ते ऐकून घेतलं.

आपल्या भागाला हे नवं नाही. भूम-परंड्याच्या शेजारीच जामखेड. तिथं 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. गावोगावी नर्स ठेवायचा त्यांचा विचार होता, तो जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांचं शिक्षण दिलं आणि डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ते यांच्यासोबत कामाला जोडलं. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' केलं. देशात आशा आल्या त्या 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून, साधारण हजार वस्तीमागे एक.

आणि आपल्याला तर ही रीत घरचीच वाटायला हवी. कुंथलगिरीला किंवा गावातल्या चातुर्मासात एखादे मुनिमहाराज आजारी पडले तर काय होतं? दिवसातून एकदाच आहार, औषधही त्याच वेळी. म्हणून वैद्य, चौका लावणारी श्राविका आणि संघातले त्यागी आधी एकमेकांशी बोलतात. काढा कशासोबत जाईल, कोणता रस सोडलेला आहे, काल अंतराय आला का. एकट्या वैद्याच्या हुशारीनं ते भागत नाही. वैयावृत्त्याला आपण अंतरंग तपात का गणतो, ते अशा वेळी कळतं. दुसऱ्याचं ऐकून घेताना आपला मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो.

तेव्हा दशलक्षण पर्वाआधी एवढं करा. घरात ज्यांना रोजची गोळी आहे, त्यांचे नियम एका कागदावर लिहा. जेवायची खरी वेळ, पाणी कधी बंद, उपवास कोणत्या दिवशी. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. मनानं बंद करू नका, मनानं घेऊही नका. त्याचीच एक नक्कल मेडिकलमध्ये द्या. आणि आशाताई दारात आल्या तर त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका. आत बोलवा, पाणी द्या, गोळ्यांचा डबा त्यांच्यासमोर उघडा.