दुसऱ्या बायकोची चाल

बी. कॉम. झालेल्या आणि गेली बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला फार तर जुनी नाट्यगीतं आवडावीत, असा समाजाचा संकेत आहे. गझल आवडली तरी खपून जातं. मला मात्र स्कॉटलंड आणि आयर्लंडमधली रडकी गाणी आवडतात. गाणीही नव्हेत, बऱ्याचदा नुसत्या चालीच. शब्द नाहीत, ठेका नाही आणि घाई तर मुळीच नाही. आपला आलाप कसा सावकाश सुरांना चाचपत पुढे सरकतो, तसं सगळं काम. तिकडे या प्रकाराला 'स्लो एअर' म्हणतात. आमच्या शाखेचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मला ही गोष्ट जवळची का वाटते हे वेगळं सांगायला नको.

घरी या छंदाला राजमान्यता नाही. "तिन्हीसांजेच्या वेळी कोण मेलंय म्हणून हे लावलंय?" असा सौ.चा सवाल असतो. सवाल बिनतोड आहे, कारण कोणीतरी मेलेलं असतंच. फक्त ते बहुधा दोनेकशे वर्षांपूर्वी मेलेलं असतं.

आयरिश लोकांचा हिशेब चोख. त्यांच्या जुन्या हार्पवाल्यांनी संगीताचे तीनच प्रकार मानले: हसवणारं, झोपवणारं आणि रडवणारं. खाती तीन, चौथं उघडायचं नाही. रडण्याचं खातं तर इतकं पद्धतशीर, की मयताच्या घरी शोक करायला खास बायका बोलावत. त्या गेलेल्याचे गुण रचून, सूर लावून रडत आणि त्याचा त्यांना मोबदलाही मिळे. आपल्याकडे राजस्थानातल्या रुदाली असत, तशातलाच प्रकार. तिकडच्या पाद्र्यांना हे बिलकुल पसंत नव्हतं. पाद्र्यांचं सोडा, मला राहून राहून वाटतं, की ज्या बाईला दुसऱ्याच्या घरी जाऊन रोज रडावं लागतं, ती स्वतःच्या घरी काय करत असेल? आम्ही दिवसभर नोटा मोजतो आणि घरी भाजीवाल्याने दिलेली मोड न मोजता खिशात टाकतो, तसंच काहीतरी असणार.

स्कॉटलंडात 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' नावाची एक चाल आहे. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत त्यांचा राजा चौथा जेम्स आणि त्याच्याबरोबर हजारो माणसं पडली, त्यांच्या दुखवट्याची. बॅगपाइपवाले ही चाल अंत्ययात्रेला किंवा स्मरणाच्या प्रसंगालाच वाजवतात. एरवी चारचौघांत नाही. आता प्रश्न असा, की सराव कधी करायचा? तर एकट्याने, आडबाजूला. बॅगपाइप हे वाद्य आडबाजूला वाजवता येतं, असं मानणाऱ्या लोकांच्या आशावादाला माझा नमस्कार.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला तो नील गाऊवर. पर्थशरमधल्या इन्व्हर गावचा हा फिडलवाला. जन्म १७२७ चा. कवी रॉबर्ट बर्न्स १७८७ मध्ये त्याला भेटला होता. गाऊ अतिशय लौकिक माणूस. १७९९ साली बार्लीचं पीक बुडालं आणि व्हिस्की गाळायला बंदी आली, तेव्हा त्याने व्हिस्कीला निरोप देणारी चाल बांधली. पुढे व्हिस्की परत आली, तशी तिच्या स्वागताचीही बांधली. जमा आणि नावे, दोन्ही बाजू जुळल्या.

१८०५ मध्ये त्याची दुसरी बायको वारली. तिच्याबरोबर त्याने तीस वर्षांहून जास्त संसार केला होता. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. तिच्यासाठी त्याने जी चाल केली तिचं नावच मुळी 'दुसऱ्या बायकोच्या मृत्यूवर नील गाऊचा विलाप' असं. एखाद्या अर्जावरच्या विषयासारखं! हे मी सौ.ला कौतुकाने सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "आणि पहिलीसाठी काय केलं होतं हो त्याने?" नील गाऊच्या वतीने उत्तर द्यायला मी बांधील नाही, असं सांगून मी विषय संपवला.

या चालीत एकही कोमल सूर नाही. सगळे शुद्ध, आपल्या बिलावलाचे. रडायचं म्हणून सूर मुद्दाम वाकवलेला नाही. सरळ चाललेला म्हातारा पायरीवर क्षणभर थांबावा, तशी ती मध्येच वर जाऊन थांबते आणि मग खाली येते.

आमच्या काउंटरवर जोडखाती असतात. त्यांवर 'दोघांपैकी कोणीही, अथवा हयात असेल तो' असा शेरा असतो. हा शेरा मी हजार वेळा लिहिला असेल. मागे एक आजोबा बायकोचं नाव कमी करायला आले. मृत्यूचा दाखला, अर्ज, सही, सगळं बिनचूक. मी नवं पासबुक छापून दिलं. त्यावर एकच नाव. आजोबांनी ते चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, मग म्हणाले, "जुनं जमा करावं लागतं का हो?" मी जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि त्यांना परत दिलं. शिक्का नेमका तिच्या नावावर पडू नये, एवढी काळजी घेतली. नियमात शिक्क्याची जागा दिलेली नाही.

पुढल्या महिन्यात ते पेन्शनची नोंद करून घ्यायला आले. पिशवीतून दोन्ही पासबुकं निघाली. नव्यात नोंद करून मी वर पाहिलं, तर ते जुनं उघडून त्यातलं पहिलं पान वाचत होते. ते वाचून होईपर्यंत मी नवं हातातच धरून बसलो. डोक्यात नील गाऊची चाल सुरू होती. तिला काही ठेका नाही.

रांगेतून आवाज आला, "साहेब, जरा हात चालवा की!"