शनिवार पेठेतून गणेशखिंडीकडे

आमच्या घरात संध्याकाळची पंगत हीच काय ती सभा. जे काही जाहीर व्हावयाचे ते तेथेच होते. गेल्या वर्षी आमच्या पुतणीने आमटीची वाटी पुढे करीत तेथेच जाहीर केले की, विज्ञानाची पदवी हाती आली, आता आपण संगीतात एम. ए. करणार आणि पुढे विद्यापीठात संगीताची अध्यापिका होणार. मुलगी दहा वर्षे गाणे शिकत होती व त्याचे कौतुक सर्वांसच होते. परंतु दागिना अंगावर घालणे निराळे आणि सोनाराचे दुकान थाटणे निराळे, असे आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, मत. त्यांनी एवढेच विचारले, "विद्यापीठात गाणे शिकवितात म्हणजे काय करितात? फळ्यावर लिहितात?" मुलीची आई, आमच्या वहिनी, काहीच बोलल्या नाहीत. त्या भात वाढीत राहिल्या.

प्रश्न थट्टेचा होता, पण खोटा नव्हता. तेव्हा एका शनिवारी सकाळी पुतणीस बरोबर घेऊन आम्ही त्याचे उत्तर शोधावयास बाहेर पडलो.

आरंभ शनिवार पेठेतून केला. विनायकबुवा पटवर्धन यांनी ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे ते गंधर्व नाटक मंडळीत होते. रंगभूमीवरचा नावलौकिक सोडून मुलांच्या गळ्यावर 'सारेगम' चढवीत बसणे हे आज ऐकावयास सोपे वाटते. त्या काळी त्यास धैर्य लागत असले पाहिजे. हे धैर्य त्यांच्या गुरूंकडून आलेले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास आपले विद्यालय उघडले व पुढे तेथे एक उपदेशक वर्ग चालविला. उपदेशक म्हणजे गावोगाव जाऊन संगीत शिकविणारा शिक्षक. उत्तम गवई होणे ही एक विद्या आणि गाणे दुसऱ्यास देता येणे ही दुसरी, हे त्यांनी पुरते ओळखले होते. त्यांचेच शिष्य ओंकारनाथ ठाकूर हे पुढे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. म्हणजे पुतणीने पंगतीत मांडलेला बेत तसा नवा नव्हता.

पुण्यापुरते बोलावयाचे तर तो त्याहूनही जुना. येथे गायन समाज निघाला तो १८७४ साली आणि भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाज स्थापिला तो १९११ साली. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकावे की नाही, यावर या शहराने इतका खल केला आहे की, दादांचा आक्षेप म्हणजे त्या वादाचे एक उशिरा पोहोचलेले पत्रच म्हणावे लागेल.

चालता चालता पुतणीने पिशवीतून वही काढून दाखविली. तीत एकच बंदिश दोन रीतींनी लिहिलेली होती. भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला समजावा. पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब डोक्यावर आले की स्वर मंद्र सप्तकातला! कोमल स्वरास एक जण खाली आडवी रेघ देतो, तर दुसरा पाय मोडल्यासारखे चिन्ह लावतो. "काका, दोन्ही वाचता आल्या पाहिजेत. वर्गात कोणत्या पद्धतीची पोरे येतील, काय सांगावे?" म्हणजे फळ्यावर लिहितात हे खरेच ठरले. पण लिहिलेले वाचून जे हाती येते तो केवळ सांगाडा असतो. त्यात प्राण घालावयाचा तो समोर बसून गाणाऱ्या गळ्यानेच.

लकडी पूल ओलांडून आम्ही डेक्कनवर आलो आणि फर्ग्युसन रस्त्यास लागलो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या फाटकाशी मुलगी थांबली. प्रभाताई अत्रे याच महाविद्यालयात विज्ञान शिकल्या आणि पुण्याच्याच विधि महाविद्यालयातून कायद्याच्या पदवीधर झाल्या. त्यांच्या गाण्याची सुरुवात कशी झाली ती हकीकत बहुश्रुत आहे. आईची प्रकृती ठीक राहत नसे. गाण्यात मन रमेल म्हणून घरी शिकवणी लाविली. आईचे शिकणे लवकरच थांबले आणि शेजारी बसणारी आठ वर्षांची मुलगी मात्र शिकत राहिली. पुढे सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्यापाशी त्यांनी तालीम घेतली, सरगम या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीताच्या पदव्युत्तर विभागाचे प्रमुखपद सांभाळिले. जानेवारी २०२४ मध्ये त्या निवर्तल्या.

हे सांगता सांगता मुलगी मध्येच म्हणाली, "आपल्या आईनेही विशारदची तयारी केली होती, ठाऊक आहे ना? लग्नाच्या धांदलीत परीक्षा राहिली, ती राहिलीच."

आम्हांस ठाऊक नव्हते. वहिनींच्या हातचे पंचवीस वर्षे जेवतो आहो. त्या स्वयंपाक करिताना गुणगुणतात हे ऐकले होते. त्यापलीकडे काही विचारावे असे कधी सुचले नाही. पुढे कृषि महाविद्यालयापर्यंत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

गणेशखिंडीचा रस्ता आता मेट्रोच्या खांबांनी भरून गेला आहे. याच रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे तेथील रहदारीत आठवू म्हटले तरी आठवत नाही. फाटकाच्या आत शिरताच मात्र वडांची दाट सावली लागते आणि एके काळी गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान असलेली मनोऱ्याची इमारत दिसते. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले; २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. त्याच्या आवारातील ललित कला केंद्र १९८७ सालचे. त्याच्या नावापुढे कंसात 'गुरुकुल' असा शब्द आहे आणि तो शोभेचा नाही. विद्यार्थ्याने गुरूपाशी बसून शिकावे आणि विद्यापीठात शास्त्र, इतिहास, सौंदर्यविचार यांचा अभ्यास करावा, अशी ती योजना. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचिलेला संगीतरत्नाकर येथे परीक्षेस येतो, हे ऐकून आम्हांस संतोष वाटला. आम्ही बाहेर बसलो असता आतून तबल्याचा ठेका येत होता. भर दुपारी कोणी सकाळचा राग घोटीत होते. तासिकांच्या वेळापत्रकास रागांचे प्रहर कोठून मानवणार!

अध्यापक होण्याची वाट पुतणीने आम्हांस तेथल्या कट्ट्यावर समजाविली. एम. ए.ला सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण हवेत आणि नंतर नेट नावाची परीक्षा. तीत दीडशे प्रश्न, तीनशे गुण आणि तीन तासांचा अवधी. प्रत्येक प्रश्नाखालच्या चार उत्तरांतून एक निवडावयाचे. संगीताच्या या परीक्षेत एकही स्वर गावा लागत नाही! गायकाची पारख गाण्यावाचून करणे ही आम्हांस मोठीच गंमत वाटली आणि थोडे दुःखही झाले. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसरेही एक दार ठेविलेले आहे. नामांकित गुरूपाशी शिकलेला, आकाशवाणीची वरची श्रेणी मिळविलेला आणि विषय सप्रमाण समजावून देऊ शकणारा कलावंत त्या दारातून येऊ शकतो. "तू कोणत्या दाराने जाणार?" आम्ही विचारिले. "पहिल्या दाराने, पण तयारी दुसऱ्या दाराची करून," ती म्हणाली. तिचा दिवसही तिने आखून ठेविला होता. पहाटे खर्ज, सकाळी विद्यापीठ, संध्याकाळी पेठेत गुरुगृही आणि रात्री पुस्तके. शिवाय पेठेतील पाच लहान मुलांची शिकवणी ती आताच घेत होती; ही बातमी पंगतीत अद्याप आलेली नव्हती. "एक मुलगा मध्यमावर नेहमी घसरतो, काका. तो का घसरतो हे शोधण्यात माझा महिना गेला. तेवढ्यात माझाच मध्यम सुधारला."

घरी परतलो तो दिवेलागण झाली होती. पंगतीत आम्ही दिवसाची हकीकत सांगितली. नेटचे तीनशे गुण सांगितले, दोन्ही दारे सांगितली आणि शेवटी, जरा चाचरत, विशारदची गोष्टही सांगितली. दादांचा घास हातातच राहिला. त्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "त्याला आता काय! तंबोरा आहे माळ्यावर, लुगड्यात गुंडाळलेला. भोपळा तडकला असेल एव्हाना."

जेवणे झाली. दादा हात धुऊन ओसरीवर आले, सुपारी कातरीत बराच वेळ बसले आणि मग आम्हांस म्हणाले, "मिरजेकडे या महिन्यात कोणी जाणारे आहे काय रे? तंबोरे दुरुस्त करणारे तेथलेच ना चांगले?"