नवें औषध आणि आमचा हट्ट

अमेरिकेहून चिरंजीवांचा फोन आला, त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं. पांच वर्षांच्या नातीस रक्ताचा कर्करोग झाला होता. आमचा धाकटा भाऊ १९६८ सालीं याच दुखण्यानें गेला. "मुलास घरीं न्या", एवढेंच त्या वेळीं डॉक्टरांनीं वडिलांस सांगितलें होतें.

पुढें चिरंजीवांनीं कळविलें, कीं केमोथेरपीबरोबर एक नवें औषधही देण्याचें डॉक्टरांनीं सुचविलें आहे. आम्ही तत्काळ म्हणालों, "अरे, जुन्या औषधानें गुण येत असतां लेकरावर आणखी प्रयोग कशाला?"

"अप्पा, आधीं वाचावें, मग बोलावें, हें तुम्हींच शिकविलेंत ना?"

आम्ही निरुत्तर झालों व वाचावयास बसलों. केमोथेरपीचीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यांत रोगी पेशी मरतात, तसे केसही गळतात. तरीही कांहीं रोगी पेशी कधीं कधीं दडून राहतात आणि रोग उलटतो. ब्लिनाट्युमोमॅब या नव्या औषधाची रीत निराळी. त्याचें एक टोंक रोगी पेशीस धरतें, दुसरें शरीराच्याच रक्षक टी-पेशीस. दोघींची गांठ पडली, कीं पुढील काम टी-पेशी करिते. जंतुसंसर्गाचें भय मात्र वाढतें. तेथें डोळ्यांत तेल घालून जपावें लागतें.

डिसेंबर २०२४ मध्यें एका मोठ्या चांचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १४४० मुलें तींत होतीं. रोग न उलटतां तीन वर्षें पार पडण्याचें प्रमाण केवळ केमोथेरपीनें शेंकडा ८७.९ होतें, जोडीस नवें औषध दिल्यावर तें ९६ झालें.

शंभरांत आठ! उत्तरपत्रिका तपासतांना आठ गुणांचें आम्हांस कधीं फारसें वाटलें नाहीं. येथें तीं आठ मुलें होतीं. तीं कोणतीं, हें आधीं पुरतेपणीं ओळखतां येत नाहीं. त्यांत आमची नात नाहीं, हें आम्हीं कोणत्या आधारावर ठरविलें होतें? वडीलकीचा शब्द टाकण्यापूर्वीं माणसानें एवढें तरी स्वतःस विचारावें.

आम्हीं चिरंजीवांस फोन करून आपला शब्द मागें घेतला.

हें औषध अठ्ठावीस दिवस अहोरात्र थेंबाथेंबानें शरीरांत जातें. त्याची पिशवी नात पाठीवर घेऊन हिंडते. परवां ती फोनवर म्हणाली, "आजोबा, माझें दप्तर झोंपतांनाही काढायचें नाहीं बरं का!"

इतका मन लावून दप्तर सांभाळणारा विद्यार्थी आम्हांस उभ्या नोकरींत भेटला नाहीं.