हमाली दोनदा!

तर झालं असं, मामांचं धुळ्याला आडतीचं दुकान आहे. मागच्या शनिवारी त्यांना पीएचपीत हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला आणि रविवारी एसटीने पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला घरी आलो, स्वतःवर जाम खूश.

सोमवारी मामांचा फोन. "अरे, एक आबा भांडताहेत. माल १०,००० चा, हमाली २००. मग पट्टीवर ९,६०० कसे?"

स्क्रीनवरच्या यादीत मात्र बरोबर ९,८००! दोन तास डोकं खाजवलं. पीएचपीत फंक्शनला ॲरे दिला की एरवी त्याची प्रत जाते, मी त्याच भरवशावर. पण ॲरे_वॉक मूळ ॲरेवरच चालतं आणि माझ्या कॉलबॅकमध्ये रकमेच्या आधी अँपरसँड होता. यादीत दाखवण्यापुरती कापलेली हमाली मूळ रकमेतूनच गेली, आणि पट्टी छापताना परत एकदा. ॲरे_मॅप वापरलं असतं तर वेगळा ॲरे मिळाला असता, मूळ रकमा शाबूत. (इंटरव्ह्यूत मी हाच प्रश्न लोकांना विचारतो, बरं का!)

आबांना २०० रुपये लगेच मिळाले. बाकीचे ११ जण पट्टी न बघताच खिशात घालून गावी गेले होते. मामा संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन लावत होते.