ओढणं सोपं, थांबवणं अवघड

अमेरिकेतला माझा एक मित्र गेले दोन महिने एकाच प्रश्नाने पछाडलेला आहे. त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे, 'हाफ-टन' वर्गातला. (एकेकाळी अशा गाडीत अर्धा टन माल बसायचा, म्हणून हे नाव. आता बसतो त्याहून जास्त, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.) त्याच्यामागे तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, जोडून बायकामुलांसह डोंगरात जायचं त्याच्या मनात आहे. जाहिरात सांगते, गाडी ११ हजार पौंड ओढते. ट्रेलर भरून ७ हजार पौंड. मग अडचण काय?

अडचण दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असते. माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. समजा ६८० किलो. ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढे, गाडीच्या हुकावर यावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. ७ हजार पौंड म्हणजे साधारण ३२०० किलो, त्याचे १३ टक्के झाले ४१६. उरले २६४. त्यात नवरा-बायको, दोन मुलं, कुत्रा, हुकाचं लोखंड आणि पाण्याचे कॅन. संपलं! ओढायची क्षमता शिल्लक असतानाच वाहायची क्षमता संपते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर रिकामा आणि मेमरी फुल्ल :)

हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी गारगोटीला होतो, आणि माझ्यासमोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता.

मंडळी, तुमच्यापैकी जे कोल्हापूर-सांगलीकडचे आहेत त्यांना हे दृश्य सांगायला नको. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की वेदगंगेच्या काठावरचा ऊस निघतो. गारगोटीहून मुदाळ तिट्टा, तिथून बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याकडे, रात्रंदिवस रांगा. पन्नासेक हॉर्सपॉवरचा, दोन टनांच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि स्पीकरवर गाणी.

माझा चुलतभाऊ हेच करतो. हिशेबाला सोपं म्हणून ऊस आणि लोखंड मिळून २० टन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओढायला चारेकशे किलोचा जोर पुरतो. म्हणूनच एवढासा ट्रॅक्टर एवढं नेतो. पण वीस मीटरला एक मीटर असा साधा चढ आला, की त्यात आणखी एक टनाची भर पडते. इंजिन खालच्या गिअरमध्ये रडतखडत ओढेलही, पण मागच्या चाकांची पकड आणि पुढच्या चाकांचं वजन कमी पडतं. हुक जितका उंच, तितकं ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं. तोंड उचललं की स्टिअरिंग नुसतं हातात. म्हणून पुढे वजनं लावतात, चढाला दुसरा ट्रॅक्टर जोडतात.

खरी भीती मात्र उताराची. चढाला अडवणारा तो एक टन आता मागून ढकलतो. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि आमच्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. म्हणजे दोन टनांच्या यंत्राने वीस टन थांबवायचे. त्यात डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक पेडल वेगळे. शेतात वळायला ते सोयीचं असतं, पण रस्त्यावर दोन्ही एकत्र अडकवली नाहीत तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. तो तिरका झाला आणि ट्रॉली मागून रेटत आली, की सगळं कोयत्यासारखं दुमडतं. आणि वेग वीसचा तीस केला तर थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोन पट होते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३ हजार पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. माझ्या मित्राच्या ट्रेलरला ते आहेतच.

हे मी भावाला कागदावर काढून दाखवलं. त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुजं गणित बराबर हाय दादा, पर हप्त्याला गणित कळत न्हाई."

त्याचंही खोटं नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता असतो. हंगामाआधी तोडणी टोळीच्या मुकादमाला लाखांत उचल द्यावी लागते, आणि टोळी आलीच नाही तर ती बुडते. हे सगळं चार-पाच महिन्यांत फेडायचं. मग प्रत्येक खेपेला ट्रॉलीवर एक थर जास्त चढतो. तो थर हावरटपणाचा नसतो, बहुतेक वेळा कर्जाचा असतो. माझ्या मित्राला जास्तीत जास्त सुट्टी रद्द करावी लागेल. भावाला काय रद्द करता येईल?

काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "थर राहू दे एक खाली. चार खेपा जास्त झाल्या तर होऊ देत." भाऊ काही बोलला नाही. पण त्या आठवड्यात मागच्या ट्रॉलीला नवे रिफ्लेक्टर लागले, आणि दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी, जी कधीची लोंबत होती, ती बसवली गेली. थराचं काय झालं ते विचारायचं मी मुद्दाम टाळलं. रोज रात्री तो रस्ता त्याला काढायचाय, मला नाही.

आता तुमच्यासाठी. या हंगामात वीकांताला गाडी काढून तुम्ही कोकणात, गोव्याला जाल. वाटेत अशा ट्रॉल्या लागतील, तुम्ही वैतागाल, हॉर्न द्याल. एवढंच लक्षात ठेवा. दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर एका दमात पार होत असतील तरच ओव्हरटेक करा. पार झाल्यावर त्याच्या पुढ्यात येऊन ब्रेक मारू नका, उतारावर तर मुळीच नाही. चढाला मागे चिकटू नका, तो मागेही येऊ शकतो. आणि रात्री समोर रस्ता नुसता काळा दिसला तर वेग कमी करा. तो काळोख उसाचा असू शकतो.

तो तुम्हाला वाट देत नाही असं वाटेल. खरं म्हणजे, त्याला थांबताच येत नसतं.